नरकातून आला, नागावला उतरला

गेट वेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीत तीन प्रकारची माणसं असतात. सीगल पक्ष्यांना कुरकुरे भरवणारी, सेल्फी काढणारी आणि कोपरा पकडून होमवर्क उरकणारी. आम्ही तिसऱ्या प्रकारातले. जानेवारीतला शनिवार, सकाळची बोट, छान गार वारा... आणि आम्ही सात जण पुस्तकात तोंड खुपसून! आजूबाजूच्यांना वाटलं असणार, सीएची परीक्षा आहे बहुतेक.

परीक्षा नव्हती. आमच्या बुक क्लबची मीटिंग होती. बुक क्लब म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर चष्मे आणि खादीचे कुर्ते येतात ना? आमच्यात तसलं काही नाही. सात नोकरदार, महिन्याला एक पुस्तक, नियम फक्त दोन. प्रत्येकानं तीन मिनिटं बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. आणि ज्यानं पुस्तक पूर्ण केलं नसेल, त्यानं सगळ्यांचं बिल भरायचं. दुसऱ्या नियमामुळे आमचं वाचन भयंकर सुधारलंय.

एरवी आम्ही दादरला भेटतो. या वेळी आमची डिझायनर म्हणाली, 'आमच्याकडे नागावला चला. पोपटीचा सीझन आहे.' ही पूर्वी माझ्याच टीममध्ये होती. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे गेली, पण क्लबमध्ये राहिली. पोपटीचं नाव काढल्यावर नाही कोण म्हणणार? मांडव्याहून बसनं अलिबाग, तिथून मिनीडोअरनं नागाव. सुपारीच्या वाडीतलं कौलारू घर, मागे विहीर, पुढे काका-काकू स्वागताला. स्वर्गच!

आणि अशा स्वर्गात आम्ही चर्चा करणार होतो नरकातून पळून आलेल्या माणसाची. पुस्तक निवडायची पाळी माझी होती.

पुस्तकाचं नाव 'सँडमन स्लिम'. लेखक रिचर्ड कॅड्री, साल २००९. जेम्स स्टार्क नावाचा तरुण जादूगार. वय एकोणीस, गुण भरपूर, माज त्याहून भरपूर. त्याच्याच कंपूतले मित्र त्याला जिवंतपणी नरकात ढकलतात. तिथे तो अकरा वर्षं काढतो, राक्षसांच्या आखाड्यात झुंजी खेळत. मग कळतं की इकडे वर त्याच्या प्रेयसीचा, अ‍ॅलिसचा, खून झालाय. तो निसटतो, लॉस एंजेलिसला येतो आणि एकेकाचा हिशेब चुकता करायला लागतो. पहिल्या मित्राचं डोकं उडवतो, पण ते डोकं मरत नाही. व्हिडिओच्या दुकानात बसून बडबडत राहतं! देवदूत आहेत, पण ते अमेरिकन सरकारच्या सुरक्षा खात्याशी हातमिळवणी करून बसलेत. म्हणजे स्वर्गातही सरकारी कारभार.

पण पुस्तकाची जान आहे स्टार्कची जीभ. समोर राक्षस असो, देवदूत असो, बंदूक रोखलेला अधिकारी असो, हा गप्प बसत नाही. मार खातो, रक्त ओकतो आणि तरी एक टोमणा मारतोच. मी पहिल्या तीस पानांतच त्याच्या प्रेमात पडले. या मालिकेची बारा पुस्तकं झाली, शेवटचं २०२१ साली आलं. यावरून समजा, प्रेमात पडणारी मी एकटी नाही.

संध्याकाळी वाडीत पोपटी लागली. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी (अरेरे!) सांगते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ. पाण्याचा थेंब नाही. वरून पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. शेंगा स्वतःच्याच वाफेवर शिजतात. त्या जाळाभोवती खुर्च्या मांडून आमची मीटिंग सुरू झाली.

पहिला सीए. त्यानं वही आणली होती. 'मी मोजलं,' तो म्हणाला. 'या माणसाचा प्लॅन असा काही नाहीच. जायचं, मारामारी करायची, मार खायचा, टोमणा मारायचा, पुढच्या पत्त्यावर जायचं. अकरा वर्षं होती ना हातात? एक एक्सेल शीट करता आली नाही?' 

दुसरा बँकवाला. आमच्यातला सगळ्यात गरीब प्राणी. तो चक्क उभा राहिला. 'मला हे पुस्तक जाम आवडलं. मी दिवसातून चाळीस वेळा सर म्हणतो. टार्गेट अशक्य असतं तेव्हाही सर, बदली झाली तेव्हाही सर. स्टार्क एका देवदूताला तोंडावर जे ऐकवतो ना, ते वाचताना मला माझे साहेब दिसत होते. मी ते पान दोनदा वाचलं.' तीन मिनिटांपैकी त्यानं एकच वापरलं आणि खाली बसला. घामाघूम झाला होता बिचारा!

तिसरा सॉफ्टवेअरवाला. रात्रीचे कॉल, त्यामुळे वाचन तुकड्या-तुकड्यांत. 'पुस्तकाला प्रकरणंच नाहीत यार! सलग चालूच. माणसानं झोपायचं कुठे?' पुस्तक अर्धंच झालं होतं. बिल ठरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चौथी आमची डेंटिस्ट. ती नारायण धारपांवर वाढलेली. वडिलांच्या कपाटातून चोरून 'लुचाई' वाचून आठवडाभर दिवा लावून झोपलेली. ती म्हणाली, 'धारप वाचताना कितीही टरकली तरी आतून एक धीर असतो. समर्थ येणार. शांत, सज्जन, ताकदवान माणूस. अंधाराशी लढायला उजेडच लागतो, असा सरळ हिशेब. इथे अंधाराशी लढायला त्याहून काळा माणूस आणलाय. मला भीती वाटली नाही, पण धीरही वाटला नाही.'

यावर नियम मोडून वाद झालाच. बँकवाला म्हणाला, मग 'तुंबाड' का चालला? त्यातला विनायक कुठे सज्जन आहे? मुद्दा बरोबर होता. त्या सिनेमाची एक मुळी धारपांच्याच कथेत आहे आणि त्याच्या मध्यभागी एक लोभी, निर्लज्ज माणूस आहे. २०१८ साली आला तेव्हा प्रेक्षक जेमतेम, २०२४ साली पुन्हा लागला तर पहिल्यापेक्षा जास्त धंदा. म्हणजे आपल्यालाही सज्जनांचा थोडा कंटाळा आलाय की काय?

इतका वेळ काका काठीनं जाळ सारखा करत होते. ते म्हणाले, 'एक विचारू का? ते मुंडकं दुकानात बसून बोलतं म्हणालात ना... म्हणजे आपला वेताळच की तो!'

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. खरंच की! वेताळ पंचविशी. प्रेत खांद्यावर, वाट स्मशानाची आणि प्रेत गप्प बसायला तयार नाही. वर कोडी घालतंय. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी चाललो परत झाडावर! तिरकस, अंधारी, भुताटकीची गोष्ट, आणि ती ऐकत आपण लहानपणी वरण-भात खाल्ला. आणि आम्हाला वाटत होतं आम्ही काहीतरी लेटेस्ट वाचतोय.

मग काकूंनी विचारलं, 'आणि ती मुलगी? मारली ती? तिच्याबद्दल काय आहे पुस्तकात?'

शांतता. मी म्हटलं, 'काकू, ती... म्हणजे, ती सुरुवातीलाच गेलेली असते. तो तिची आठवण काढतो.'

'हो, पण ती कशी होती? काय करायची?'

कुणालाच धड सांगता येईना. साडेतीनशेच्या वर पानं वाचली, राक्षसांची नावं पाठ, पण अ‍ॅलिसबद्दल चार वाक्यं जमेनात. आमच्या एचआरवालीला हवं ते सापडलं. तिची तीन मिनिटं तिथेच सुरू झाली. नायकाला राग यावा एवढ्यासाठीच गोष्टीतली बाई मारायची, ही कॉमिक्सची जुनी खोड. १९९४ सालच्या एका 'ग्रीन लँटर्न' कॉमिकमध्ये नायकाच्या प्रेयसीचं प्रेत चक्क फ्रिजमध्ये ठेवलेलं असतं. त्यावरून १९९९ साली गेल सिमोन या लेखिकेनं अशा बायकांची यादीच केली आणि नाव दिलं, 'फ्रिजमधल्या बायका'. एचआरवाली म्हणाली, 'काकूंनी पुस्तक न वाचता जे पकडलं, ते आपण वाचून पकडलं नाही. लाज वाटली पाहिजे.' वाटली.

मडकं फुंकणीनं बाजूला घेतलं गेलं. ओव्याचा, भाजक्या पाल्याचा असा वास सुटला की साहित्यचर्चा दोन मिनिटं थांबली. शेंगा सोलता सोलता काका रंगात आले. म्हणाले, 'तुम्ही मुंबईची मंडळी आमच्याकडे आलात, बरं वाटलं. नाहीतर तुमच्याकडे आमची ओळख एकच. अलिबागसे आया है क्या!'

आम्ही सगळे खो खो हसलो. काकाही हसले. मग म्हणाले, 'हसा, हसा. पण त्यावर कोर्टात केस झाली होती, माहितीय?' झाली होती. २०१९ साली अलिबाग तालुक्यातल्या एका गृहस्थानं मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, की या वाक्यावर बंदी घाला, हा आमचा अपमान आहे. न्यायालयानं ती फेटाळली. प्रत्येक समाजावर विनोद होतात, मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर.

'मी काही कोर्टात गेलो नसतो,' काका म्हणाले. 'पण गंमत बघा. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून कुलाबा किल्ल्यावर चालून आले, आंग्र्यांनी परत पाठवले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यानं चुंबकाच्या नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याची वेधशाळा १९०४ साली कुठे हलवली? अलिबागला! पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला आमचं गाव चालतं, आणि बावळट कोण? तर आम्ही.' 

पुन्हा हशा. सगळ्यात मोठ्यानं मी हसले, हे मला नीट आठवतं.

राहिलो दोघी. मी आधी बोलले. मी तयारी केली होती, त्यामुळे छान बोलले. म्हटलं, या तिरकस नायकांची वंशावळ बघा. १९३९ साली रेमंड चँडलरनं याच लॉस एंजेलिसमध्ये फिलिप मार्लो नावाचा खासगी डिटेक्टिव्ह आणला. खिशात पैसे नाहीत, समोर सगळे श्रीमंत आणि पोहोचलेले, हत्यार म्हणजे जीभ. १९८५ साली कॉमिक्समध्ये जॉन कॉन्स्टंटाइन आला. कामगारवस्तीतला मांत्रिक, सिगरेट आणि चुरगळलेला कोट, सैतानालाही उलट बोलणारा. आपल्याकडे १९६३ साली 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर आला. त्याच्याकडे भुतं नाहीत, पण कॉलेज, हॉस्टेल, वडील, सगळ्यांची तो टर उडवतो. आणि धाकटी बहीण जाते तेव्हा त्या टर उडवण्याखाली काय दडलं होतं ते दिसतं. स्टार्कचं तेच आहे. टोमणा ही त्याची ढाल आहे. म्हणून तो मला आपला वाटतो, असं म्हणून मी थांबले. टाळ्याही पडल्या.

शेवटी आमची डिझायनर. ती हातातली शेंग सोलत होती. वर न बघता म्हणाली, 'मला स्टार्क आवडला नाही. विनोद सगळे जमलेत, हसले पण मी. पण वाचताना मी सारखी समोरच्या माणसाच्या जागी होते. त्याच्यापुढे उभं राहून बोलणं ऐकून घेणाऱ्या एखाद्या दुकानदाराच्या, वेटरच्या. पुस्तकात त्यांना एकच वाक्य असतं. नंतर ते घरी गेले की काय होतं, ते लिहिलेलं नसतं.'

मग थांबून म्हणाली, 'माझी पहिली टीम लीड अशी होती. खूप हुशार, खूप फनी. सगळे तिच्यावर फिदा. एकदा क्लायंटसमोर माझी फाइल उघडेना. ती म्हणाली, काय गं, अलिबागसे आयी है क्या? सगळे हसले. मी पण हसले. मी खरंच अलिबागहून आले होते. त्याच सोमवारी, पहाटेच्या बसनं.'

तिनं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. तिच्या पहिल्या टीम लीडच्या हातात तेव्हा तिच्याच वाडीतल्या वालाची शेंग होती.

खरं सांगू? मला तो प्रसंग आठवेना. सगळ्यात वाईट हेच वाटलं. क्लायंट आठवतो, ते प्रॉडक्ट आठवतं, आपण किती छान प्रेझेंट केलं ते आठवतं. ते वाक्य नाही. माझ्यासाठी ती दिवसातल्या वीस टोमण्यांपैकी एक टोमणी होती. तिच्यासाठी तो सोमवार होता.

त्या रात्री माजघरात सगळे घोरत होते आणि मी छताकडे बघत होते. माझी वंशावळ चुकली नव्हती, पण एक गोष्ट मी सोयीस्कररीत्या सांगितली नव्हती. मार्लो बोलतो तो करोडपतींना. कॉन्स्टंटाइन बोलतो तो सैतानाला. वेताळ प्रेत आहे, झाडाला लटकलेलं, आणि ज्याची फिरकी घेतो तो राजा आहे. या सगळ्यांचा टोमणा खालून वर जातो. खालून वर जाणारा टोमणा हा हिंमतवानाचा. वरून खाली येणारा? त्याला आपल्याकडे दुसरा शब्द आहे, पण हे मासिक घरी आईबाबाही वाचतात.

बँकवाल्याला स्टार्क का आवडला आणि डिझायनरला का नाही, याचं उत्तरही मला तिथेच मिळालं. दोघंही एकच पुस्तक वाचत होते. तो बोलणाऱ्याच्या जागी बसून वाचत होता, कारण त्याला आयुष्यात बोलायला मिळत नाही. ती ऐकणाऱ्याच्या जागी बसून वाचत होती, कारण तिला ऐकावं लागलं. आणि मी? मी आठ जणांची टीम सांभाळते, त्यांचे अप्रेझल लिहिते, रजा मंजूर करते, आणि पुस्तक वाचताना स्वतःला नरकातून पळून आलेला एकांडा शिलेदार समजते! अगं बाई, त्या गोष्टीत तू असलीस तर सुरक्षा खात्यातल्या देवदूतांच्या बाजूला आहेस.

सकाळी ती विहिरीवर पाणी काढत होती. मी गेले. 'सॉरी' म्हणताना माझ्या तोंडून एकही विनोद निघाला नाही, हे माझ्यापुरतं नवीन होतं. तिनं कळशी भरली. म्हणाली, 'आईबाबांना माहीत नाही ती तूच होतीस. बाबांना तू आवडलीस. त्यांच्या जोकला सगळ्यात जास्त तूच हसलीस ना.' टोमणा होता का? होता. खालून वर, नेमका. मी तो घेतला.

मग विचारलं, 'इतकं वाटत होतं तर क्लबमध्ये का राहिलीस?'

'तू पुस्तकं चांगली सुचवतेस म्हणून. आणि एकदा तरी तुला तीन मिनिटं मध्ये न बोलता ऐकून घ्यावं लागेल म्हणून. आपला नियमच आहे ना!'

परतीच्या बोटीत कुणी पुस्तक काढलं नाही. सॉफ्टवेअरवाल्यानं सगळ्यांचा चहा दिला, आणि काकूंनी बांधून दिलेल्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या सांभाळत आम्ही गेट वेला उतरलो.

सोमवारी सकाळी मीटिंग. नवीन मुलगा, तीन महिने झालेत, स्क्रीन शेअर करायला गेला आणि भलतीच विंडो उघडली. पूर्ण टीमसमोर त्याच्या आईनं पाठवलेला गुड मॉर्निंगचा गुलाब! कान लाल झालेले त्याचे. माझ्या जिभेवर एक वाक्य तयार होतं. अप्रतिम वाक्य. सगळे हसले असते, तोही हसला असता.

विक्रमानं तोंड उघडलं की वेताळ परत झाडावर जातो. लहानपणी वाटायचं, हा मूर्ख गप्प का बसत नाही? आता कळतंय, फार अवघड असतं हो ते. मी तोंड मिटून घेतलं. चार सेकंद. त्यानं विंडो बंद केली, फाइल उघडली आणि काम पुढे गेलं.

ते वाक्य मात्र अजून खांद्यावर बसलंय. उतरत नाही.

पुढच्या महिन्याचं पुस्तक डिझायनर निवडणार आहे. काय निवडलंय ते सांगत नाही. फक्त एवढं म्हणाली, 'त्यात हिरो नाहीये.'